फडक्यावर ठेवलेला तवा

आमच्या भावोजींना गल्लीत कुणी नावानं ओळखत नसे. ते टिचकी मास्तर. मास्तर म्हणजे शिकवणारे नव्हेत. उभ्या जन्मात त्यांनी कुणाला काही शिकवलं असेल तर त्यांच्या लेकीला, म्हणजे माझ्या भाचीला, आणि तेही ओरडून. हाताला लागेल त्या भांड्यावर बोटाचं पेर वाजवायचं आणि मान तिरकी करून आवाज ऐकायचा, ही त्यांची खोड. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा आईनं पुढे केलेल्या पाण्याच्या ग्लासालाही त्यांनी टिचकी मारली होती. आई आत येऊन म्हणाली, मुलगा बरा दिसतो, पण पाणी पिण्याआधी ग्लासाची परीक्षा घेतो. ताई तोंडावर हात धरून हसली. तिला ते तिथेच आवडले असावेत. ताईला लहानपणापासून विक्षिप्त माणसं आणि लंगडी मांजरं आवडायची.

मी ताईची धाकटी बहीण. दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहते, आणि माझी जीभ तिखट आहे असं सगळे म्हणतात. भावोजींबद्दल लिहिताना ती गोड होईल अशी आशा कुणी धरू नये.

त्यांचा धंदा जुनी बिडाची भांडी जगवण्याचा. बीड म्हणजे ओतीव लोखंड, दिसायला दणकट पण फरशीवर पडलं तर काचेसारखं टिचणारं. लोक माळ्यावरून, अडगळीच्या खोल्यांतून, गेलेल्या म्हाताऱ्यांच्या स्वयंपाकघरांतून तवे, कढया, पातेली उचलून आणत. कुणावर गंजाचे पापुद्रे, कुणावर जळक्या तेलाचं बोटभर किटण. घरामागच्या लांबट खोलीत कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं भरलेलं एक झाकणाचं पिंप होतं. त्यात भांडं बुडवून ठेवलं की किटण फुगून, मऊ होऊन, काळ्या चिखलासारखं सुटायचं. मग रबरी हातमोजे, तारेचा ब्रश आणि भावोजींचं पुटपुटणं. उरलेल्या गंजासाठी व्हिनेगरचं पाणी, तेही डोळ्यांत तेल घालून, कारण जास्त वेळ राहिलं तर ते गंजाबरोबर लोखंडही खातं.

शेवटी भांडं राखाडी, उघडंवाघडं होऊन बाहेर यायचं. ते तसंच ठेवलं तर बघता बघता पुन्हा तांबूस होतं, म्हणून लगेच आचेवर कोरडं करून त्याला जवसाच्या तेलाचा हात द्यायचा. लोक इथेच चुकतात, असं भावोजी म्हणायचे. तेल लावायचं आणि चुकून लागलं असं समजून सगळं पुसून काढायचं. पुसूनही जे राहील तेवढंच पुरे. मग भांडं भट्टीत उपडं घालून धूर सरेपर्यंत तापवायचं, गार करायचं, पुन्हा तेल, पुन्हा भट्टी. असे थरावर थर चढले की ते काळंभोर आणि गुळगुळीत होई. याला ते भांडं मुरवणं म्हणत. घाईनं तेल थापलेलं चिकट भांडं कुणी आणलं तर त्याला ऐकवत, की हे मुरवलेलं नाही, माखलेलं आहे.

पण हे सगळं पुढचं. सगळ्यात आधी टिचकी. भांडं दांड्याला धरून लोंबतं ठेवायचं आणि पेरानं वाजवायचं. धड असेल तर आवाज लांबवर रेंगाळतो. कुठे केसाएवढी जरी चीर असली तरी थप्प असा जागच्या जागी पडतो. तसा आवाज आला की भावोजी भांड्यावर खडूनं फुली मारत, मालकाकडे एकदा बघत, आणि त्यानं मान हलवली की दाराशी ठेवलेल्या हातोडीनं त्याचे तुकडे करून भंगारात टाकत. मान न हलवणाऱ्याला भांडं परत मिळे, पण पुन्हा त्या दारात थारा मिळत नसे. भल्या भल्या बाया तिथे रडल्या आहेत.

या हट्टामागे कारण होतं. त्यांच्या आईकडे अशीच एक चीर गेलेली कढई होती. चालतेय तोवर चालवू, म्हणून ती वापरत राहिली, आणि एक दिवस उकळत्या तेलासकट कढईचा तळ शेगडीवरच दुभंगला. आई वाचली, पण पुढे जन्मभर पाय ओढत चालली. हे मला त्यांनी नाही, ताईनं सांगितलं. त्यामुळे मी त्यांना बाकी कशावरूनही नावं ठेवली तरी हातोडीवरून कधी बोलले नाही.

गल्लीच्या टोकाला एक झाळवाला बसतो. गाड्यांचे रेडिएटर, निखळलेली फाटकं, मोडक्या खुर्च्या, जे येईल ते सांधून देतो. बिडाला तडा गेला असेल तर तो तडा खरवडून त्यात पितळेची झाळ भरतो. भावोजींनी फुली मारलेला एक तवा एका बाईनं त्याच्याकडून असाच सांधून घेतला आणि मुद्दाम दाखवायला आणला. भावोजींनी तो वाजवला, आवाज पडला, आणि ते तरातरा झाळवाल्याच्या दारात जाऊन चारचौघांत म्हणाले की तू मढ्याला पावडर लावतोस. झाळवाला काळा चष्मा डोळ्यांवरून वर करून नुसता बघत राहिला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. दोघंही एकाच दुकानातून दूध घ्यायचे आणि एकमेकांना दिसले की दुधाच्या पिशव्यांकडे बघायचे.

घरातही हीच रीत. कपाचा कान गेला की कप कचऱ्यात. माणसांचं तसं करता येत नाही, म्हणून भावोजींची फार पंचाईत व्हायची. भाचीला ताप आला की हे आधी घाबरत, आणि घाबरल्याचं दिसू नये म्हणून ओरडत. काल ओल्या केसांनी झोपलीस ना, तरी सांगत होतो. ताईचं डोकं दुखलं तर डॉक्टर, तपासण्या, दिवे बंद, खिडक्या बंद, आणि घरभर असा धुमाकूळ की त्यापेक्षा डोकेदुखी परवडली. ताईनं मग एक उत्तर पाठच करून ठेवलं होतं. काही नाही, झोप झाली नाही एवढंच. हे ऐकलं की भावोजी निवांत होऊन मागच्या खोलीत जात, आणि ताई ओट्याला टेकून डोळे मिटून उभी राही.

त्यांच्या टिचकीतून सुटलेली एकच वस्तू त्या घरात होती, ताईचा तवा. आमच्या आईचा, दांड्याचा, जरा खोलगट. आई गेल्यावर तो ताईकडे आला आणि माझ्याकडे भिंतीवरचं घड्याळ आलं, ते त्या दिवसापासून बंद आहे. तवा आला तेव्हा भावोजींनीच तो वाजवून बघितला होता, मुरवून दिला होता, आणि घरातल्या सगळ्या भांड्यांत याचा आवाज गोड, असं सर्टिफिकेटही दिलं होतं. पुढे कधीतरी ताईनं तो त्यांच्या हातून काढून घेतला. नक्की कधी ते कुणाच्या ध्यानात नाही. सकाळची अंडी, संध्याकाळचे कांदे-बटाटे, सगळं त्यातच व्हायचं. तीच तो घासायची, तीच कोरडा करायची आणि ओट्यावर घडी घातलेल्या एका जाड फडक्यावर ठेवायची. कधीच नुसत्या फरशीवर नाही. भावोजींना वाटायचं, ओट्याची फरशी जपते. मलाही तसंच वाटायचं.

बाहेरून त्या तव्यावर एवढं किटण चढलं होतं की भावोजींचे हात शिवशिवायचे. एकदा दे मला, नवा करून देतो, असं ते महिन्यातून एकदा तरी म्हणत. ताईचं उत्तर ठरलेलं: तुमची अक्कल मागच्या खोलीत, माझ्या तव्याला हात लावायचा नाही. गिऱ्हाइकं चहाला आत येत आणि तो तवा बघून चिडवत, की मास्तर, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच का. भावोजी हसत. घरात तिचं चालतं, असं म्हणताना त्यांना त्यात थोडा अभिमानही वाटायचा.

आणखी एक गंमत आमच्याकडे वर्षानुवर्षं चालली. भाची लहान असताना एकदा ताईला काय झालं कोण जाणे, आठवडाभर रोज तिचं काहीतरी करपत होतं. ताईचं, जिचं आयुष्यात कधी काही खाली लागलं नाही तिचं. दुपारी गेलं की घरात धूर, खिडक्या सताड उघड्या, भाची खोकतेय, आणि ताई पदरानं वारा घालत म्हणतेय, अगं, लक्षच राहिलं नाही. आम्ही त्याला करपट आठवडा असं नाव ठेवलं. कुणाचा स्वयंपाक जरा बिघडला की आम्ही म्हणायचो, काय, करपट आठवडा वाटतं? ताईही आमच्याबरोबर हसायची.

मग ताईचं पोट. पोट म्हणजे काय ते आम्हाला फार उशिरा कळलं. ती रोडावली, तेव्हा म्हणाली, वय झालं. जेवण कमी झालं, तेव्हा म्हणाली, दातांनी त्रास दिलाय. एके दिवशी ओट्याशीच खाली बसली आणि उठेना, तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती दिवसांपासून दुखतंय? ताईनं आधी भावोजींकडे बघितलं, मग खिडकीकडे, आणि म्हणाली, तसं फार नाही. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की हे आजचं-कालचं नाही, वर्षभर तरी यांनी हे अंगावर काढलंय. आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. आता नाही.

भावोजी त्या दिवशी ओरडले नाहीत. मला तेव्हाच भीती वाटली.

ताई गेल्यावर त्यांनी एकच प्रश्न धरला. तिनं मला सांगितलं का नाही? हा प्रश्न त्यांनी मला विचारला, भाचीला विचारला, दूधवाल्याला विचारला. भांडी घेऊन येणाऱ्या अनोळखी माणसांना दारात उभं करून विचारला. भाची दुसऱ्या गावात नोकरी करते. ती रोज फोन करायची, आणि रोज फोनवर बाबा तेच विचारायचे, की तुला तरी बोलली होती का, खरं सांग. पोरीला वाटायला लागलं, बाबा आपल्यावरच संशय घेतात. तिचे फोन कमी झाले. मागच्या खोलीत भांड्यांचा ढीग तसाच पडून राहिला, पिंपातलं पाणी आटलं. मी संध्याकाळी डबा घेऊन जायची, तेव्हा ते ओट्याकडे तोंड करून खुर्चीत बसलेले असायचे.

मी म्हणायची, भावोजी, तिचा स्वभावच तसा होता. मला वाटायचं, हे औषध आहे. एकदा ते म्हणाले, "स्वभावाचं काय सांगतेस. अनोळखी घरातून आलेल्या कढईतली चीर मला दारातून कळते. ही माझ्या शेजारी जेवायला बसत होती." मी डबा उघडून दिला.

तवा ओट्यावर, त्या फडक्यावर, ताईनं शेवटचा ठेवला होता तसाच होता. भावोजी त्याला हात लावत नसत. स्वयंपाकघरात आच नाही, खिडकी बंद, भिंतींना ओल. एका दुपारी मी डबा ठेवायला गेले आणि तव्याच्या कडेला मला तांबूस ठिपके दिसले. मी ते बोटानं पुसायला गेले तर भावोजी मागून म्हणाले, नुसतं पुसून भागायचं नाही. त्यांनी ते आधीच बघितलं होतं. किटणाच्या पापुद्र्याखाली ओल शिरली होती आणि आतून गंज पसरत होता. तसाच ठेवला तर तवा जाईल. वाचवायचा तर वरचं सगळं काढायला लागेल. सगळं म्हणजे ताईनं इतकी वर्षं रोज लावलेलं तेल, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

"तुझ्या आईचा आहे," ते म्हणाले. "तू सांगशील तसं."

माझा भडका उडाला. मी म्हटलं, इतकी वर्षं त्या तव्यासाठी तिच्या मागे लागलात, तिनं एकदा हात लावू दिला नाही, आणि आता ती नाही तर मला विचारताय? एवढं बोलून मला रडू फुटलं. भावोजी माझ्याकडे न बघता तव्याकडे बघत उभे राहिले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. या माणसाचा पीळ त्या महिन्यांत पार सुटला होता, आणि ते बघून मला बरं वाटायला हवं होतं तर तसं अजिबात वाटलं नाही. डोळे पुसून मी म्हटलं, काढा. गंजून जाण्यापेक्षा ते बरं.

त्यांनी पिंप धुतलं, नवं पाणी केलं. तवा आत सोडताना दोन्ही हातांनी सोडला. बाकीची भांडी ते टाकून विसरून जायचे. याच्यासाठी मात्र झाकण उघडून पुन्हा पुन्हा बघत होते. ब्रशही तारेचा घेतला नाही, काथ्यानं हळूहळू घासत होते. मी रोज दुपारी जायची. काळा चिखल बोटांवर घेऊन ते म्हणायचे, हे पोर परीक्षांना बसायची तेव्हाचं असेल. किंवा, हे आपण खिडक्या बदलल्या त्या साली. त्यांना खरंच कळत होतं की मनानंच सांगत होते, देव जाणे. पण बऱ्याच दिवसांनी ते त्या प्रश्नाखेरीज दुसरं काही बोलत होते, म्हणून मी मान डोलवायची.

मग एका दुपारी गेले तर मागच्या खोलीतून घासण्याचा आवाज येत नव्हता. भावोजी स्टुलावर बसले होते. हातमोजे तसेच हातात, मांडीवर तवा उपडा, त्यातून पाणी ठिबकतंय आणि पँट भिजलीय. तव्याचा तळ राखाडी, स्वच्छ निघाला होता. आणि त्या राखाडीवरून, दांड्याच्या मुळापासून जवळजवळ पलीकडच्या कडेपर्यंत, एक पिवळी वेडीवाकडी रेघ गेली होती.

"पितळ आहे," ते म्हणाले.

मला आधी काही कळेना. मी म्हटलं, आईच्या वेळचं असेल. त्यांनी नाही अशी मान हलवली. घरी आला तेव्हा धड होता, मी वाजवला होता, असं म्हणून त्यांनी तवा दांड्याला धरून उचलला आणि पेरानं टिचकी मारली. थप्प. त्यांनी पुन्हा मारली. मग उठले आणि तसेच, ओला तवा हातात, रबरी हातमोजे घातलेले, घराबाहेर पडले. मी चपला घालून मागे धावले. ते कुठे चाललेत ते मला गल्लीच्या मध्यावर आल्यावर उमगलं.

झाळवाला एका रेडिएटरवर वाकला होता. भावोजी समोर जाऊन उभे राहिले आणि तवा उपडा करून त्याच्यापुढे धरला. इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतर पहिलं वाक्य कुणी बोलायचं हा प्रश्नच आला नाही. झाळवाल्यानं चष्मा वर केला, रेघेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, माझीच आहे. मग माझ्याकडे, भावोजींकडे बघून त्यानं दोन खुर्च्या पुढे ओढल्या. भावोजी बसले नाहीत.

त्यानं सांगितलं ते असं. भाची लहान होती. ताई स्वयंपाक करत असताना बाहेर पोर पडली आणि किंचाळली. तवा आचेवर तापून लाल व्हायच्या बेताला आला होता. घाईत आच विझवायची सोडून ताईनं हाताशी असलेला गार पाण्याचा तांब्या तव्यात ओतला आणि बाहेर धावली. तापल्या बिडावर गार पाणी घालू नये हे त्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. पोरीचा गुडघा फुटला होता, तो दोन दिवसांत बरा झाला. तवा टिचला तो टिचलाच. भावोजी भांडी पोचवायला बाहेर गेलेले बघून ताई तो पदराखाली झाकून इथे घेऊन आली.

"मी म्हटलं, वहिनी, मास्तरांना कळलं तर ते माझी शेगडी उलटी करतील," झाळवाला म्हणाला. "त्या म्हणाल्या, आमच्या घरात टिचलेलं ठेवत नाहीत. तेवढं सांधून द्या आणि विसरून जा. म्हणून विसरलो."

भावोजींनी विचारलं, बाकी काही म्हणाली?

झाळवाल्यानं जरा आठवून बघितलं. पितळ नवं असताना लकाकतं, कुणालाही दिसेल, तर वर तेल जाळत राहा, थर चढले की झाकून जाईल, असं त्यानं सांगितलं होतं. त्यावर ताई हसली होती. ते मला येतं, म्हणाली होती.

मी भावोजींकडे बघितलं आणि त्यांनी माझ्याकडे. करपट आठवडा. तो धूर, त्या उघड्या खिडक्या, पदरानं वारा घालणारी ताई. नवऱ्याकडून शिकलेली विद्या ती नवऱ्यापासूनच ती चीर लपवायला वापरत होती, आणि आम्ही वर्षानुवर्षं त्यावर हसलो होतो. मी त्या पुढे ओढलेल्या खुर्चीत बसले.

भावोजींनी आणखी एकच गोष्ट विचारली. एवढी वर्षं रोज आचेवर चढत होता, तुटला कसा नाही? झाळवाल्याला तेव्हा काय वाटेल ते ऐकवता आलं असतं, आणि त्याच्या जागी मी असते तर ऐकवलंही असतं. तो म्हणाला, नीट घातली होती, टिकणारच. मग त्यानं चष्मा खाली ओढला आणि रेडिएटर पुढे घेतला.

परत येताना भावोजी मध्येच थांबले. पोरीला यातलं काही सांगू नकोस, म्हणाले, तिच्या पडण्यामुळे झालं असं तिला वाटेल. मी म्हटलं, म्हणजे आता तुम्हीही सुरू करा लपवालपवी. दोन घरं ओलांडल्यावर ते म्हणाले, बरं, मीच सांगतो तिला.

स्वयंपाकघरात आल्यावर त्यांनी तवा काखेत धरला. हातमोजे काढले, ते नीट एकावर एक ठेवले. त्यांचा प्रश्न त्यांच्या हातात होता आणि उत्तरही त्यातच होतं, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. महिनोन्‌महिने सगळ्यांना विचारून झालं होतं. आता त्यांनी विचारलं नाही.

"घाबरत होती ती मला," ते म्हणाले.

मला नाही म्हणायचं होतं. एवढं एक खोटं त्यांना द्यायला काही हरकत नव्हती. पण माझ्या डोळ्यांपुढे दवाखान्यातली ताई आली. आधी यांच्याकडे बघणारी, मग खिडकीकडे.

"घाबरत नव्हती," मी म्हटलं. "तुम्हाला ओळखत होती."

त्यांनी मान हलवली, एखाद्या गिऱ्हाइकानं फुली बघून हलवावी तशी. मग तवा ठेवायला ओट्याकडे वळले. ते फडकं तिथेच होतं, मधोमध तव्याच्या आकाराचा तेलकट डाग पडलेलं. मी सवयीनं ते त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी ते उचलून बाजूला केलं आणि तवा नुसत्या फरशीवर ठेवला. थप्प असा आवाज झाला. त्यांनी तो उचलला आणि पुन्हा ठेवला, मान तिरकी करून, आणि मग पुन्हा. इतकी वर्षं रोज दोन वेळा त्या घरात होऊ न दिलेला तो आवाज मला ऐकवत नव्हता, पण मी त्यांना थांबवलं नाही.

"हा मी तेव्हा ऐकला असता," ते म्हणाले, "तर काय केलं असतं गं मी?"

मागच्या खोलीचं दार उघडंच होतं आणि दाराशी ठेवलेली हातोडी आम्हा दोघांनाही तिथून दिसत होती. तवा तोवर कडेनं पुन्हा तांबूस व्हायला लागला होता, म्हणून मी गॅस पेटवला.